खेळाडू मोठा म्हणजे कोचही मोठा का?

प्रश्न : मुलगी १२ वर्षांची आहे, बॅडमिंटन खेळते. आत्ताचे सर मन लावून शिकवतात पण स्वतः जिल्ह्याच्या पुढे कधी खेळले नाहीत. मिस्टर म्हणतात बॅडमिंटनचा पुलेला गोपीचंद चॅम्पियन होता म्हणूनच त्याने चॅम्पियन घडवले, तेव्हा बालेवाडीच्या बाजूला नॅशनल खेळलेल्या एका कोचकडे घालू. फी दुप्पट आणि बॅच पहाटेची. काय करावं? – एक आई, कोथरूड

उत्तर : ताई, २००१ ला गोपीचंद ऑल इंग्लंड ही बॅडमिंटनमधली मानाची स्पर्धा जिंकला हे खरंच, सेमीफायनलला पीटर गेड, फायनलला चीनचा चेन हाँग, आणि १९८० च्या प्रकाश पदुकोणनंतर असा तो दुसराच भारतीय. पण त्याआधीचं सगळे विसरतात, आणि ते तर आपल्या पुण्यातच घडलंय. १९९४ च्या नॅशनल गेम्समध्ये डबल्सची मॅच खेळताना त्याच्या गुडघ्याचं लिगामेंट तुटलं. ऑपरेशनं झाली, तरी १९९६ ला तो नॅशनल चॅम्पियन झाला आणि मग सलग पाच वर्षं त्याने ते सोडलं नाही. मला विचाराल तर त्याच्यातला कोच त्या दुखण्यातच तयार झाला, कारण ज्याला आपलाच पाय पुन्हा कोर्टवर टाकायला शिकावं लागतं त्याला पोरांचा पाय कुठे चुकतोय ते लगेच दिसतं, नुसत्या टॅलेंटवर जिंकलेल्याला बऱ्याचदा ते सांगताच येत नाही.

आणि पुढचं बघा ना, २००६ ला नॅशनल कोच झाला, हैदराबादला गचीबोवलीत सरकारने जमीन दिली पण बांधायला पैसे कमी पडले तर राहतं घर गहाण ठेवलं, २००८ ला अकादमी सुरू झाली. पहाटे साडेचारला हा स्वतः कोर्टवर हजर. सायनाचं लंडन ऑलिम्पिकचं ब्राँझ, सिंधूचं रिओ ऑलिम्पिकचं सिल्व्हर, दोन्हीच्या मागे हे रोजचं उभं राहणं आहे. रिओच्या आधी तीन महिने त्याने सिंधूचा फोनही काढून घेतला होता, आणि तिने दिला, कारण समोरचा माणूस आपल्याआधी कोर्टवर येतो हे ती रोज बघत होती.

म्हणून मेडल बघून फी भरू नका. नवीन ठिकाणी आठवडाभर नुसत्या जाऊन बसा. ते सर स्वतः शटल टाकतात की असिस्टंटवर सोडून मोबाईलवर असतात, वॉर्मअप नीट घेतात का, आणि मुख्य म्हणजे एखादं पोरगं गुडघा दुखतोय म्हणालं तर काय करतात. "सहन कर" असं म्हणाले तर तिथे अजिबात घालू नका, मग ते कितीही मोठे खेळाडू असोत. पहाटेची बॅच घेतलीत तर रात्री नऊला झोप हवी, वाढत्या वयात तिथे काटछाट नको. आत्ताचे सर फूटवर्क मनापासून घेत असतील तर मी तरी अजून वर्षभर तिथेच ठेवेन. लेकीलाही विचारा, तिला कोणाकडे जायला आवडतं.

प्रश्न : गोपीचंदने कोल्ड्रिंकची जाहिरात खरंच नाकारली होती का? – एक विद्यार्थी, सदाशिव पेठ

उत्तर : हो, ऑल इंग्लंड जिंकल्यावर. आपण जे पीत नाही ते पोरांना प्या म्हणून सांगायचं नाही असं त्याचं मत होतं, आणि तेव्हा त्याच्याकडे फार पैसा होता असंही नाही.