वाचक विचारतात : गोल्डन ब्रिजला गंज लागत नाही का?

प्रश्न : भरूचचा गोल्डन ब्रिज १८८१ पासून नर्मदेवर उभा आहे. त्याचं लोखंड गंजतच नाही असं ऐकतो. खरं का? – एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : नाही. लोखंड म्हटलं की गंज आलाच, त्यात भरूचला भरतीचं खारं पाणी येतं. असे पूल टिकतात ते वेळेवर खरवडून रंगवल्यामुळे.

शिवाय नर्मदेनं इथला आधीचा पूल खाल्ला आहे, हे विसरू नये. बी.बी. अँड सी.आय. (बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया) रेल्वेनं १८६० च्या सुमारास तळात स्क्रूसारखे पिळून बसवलेल्या बिडाच्या खांबांवर ६० फुटी गाळे (दोन खांबांमधले पुलाचे भाग) टाकले होते. पुरांनी ते पुन्हा पुन्हा वाहून नेले. मग ब्रिटिश अभियंते सर जॉन हॉकशॉ यांच्या आराखड्याप्रमाणे १८७७ मध्ये नवं काम सुरू झालं आणि १६ मे १८८१ ला आजचा पूल खुला झाला : लांबी १,४१२ मीटर, खर्च सुमारे ४५.६५ लाख रुपये. एवढ्या पैशात सोन्याचा पूल झाला असता, म्हणून हे नाव, असं भरूचकर सांगतात. १९३५ मध्ये रेल्वेसाठी शेजारी सिल्व्हर ज्युबिली पूल झाला आणि पुढे हा रस्त्याच्या वाहतुकीला मिळाला.

प्रश्न : अशा जुन्या कैचीच्या (त्रिकोणी सांगाड्याच्या) पुलात नेमकं काय तपासतात? – एक विद्यार्थिनी, बडोदे

उत्तर : पहिली नजर सांध्यांवर. खालच्या तुळईच्या सांध्यात माती, पक्ष्यांची घाण आणि पाणी साचतं. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जागा घेतो, त्यामुळे दोन पत्र्यांमध्ये तो फुगला की पत्रे वाकतात आणि रिव्हेट (पत्रे जोडणारे ठोकून बसवलेले खिळे) ताणले जातात. रिव्हेटच्या डोक्याच्या एका बाजूला बोट टेकवून दुसऱ्या बाजूनं हलका हातोडा मारावा. सैल रिव्हेट बोटाला थरथरतो. डोक्याखालून तांबडा ओघळ दिसला तरी संशय घ्यावा. बदलताना एका वेळी एकच काढून त्या जागी उच्च ताणाचा बोल्ट आवळायचा, मगच दुसऱ्याला हात लावायचा.

सांध्यात येणाऱ्या तुळया एकत्र जोडणारा जाड पत्रा, म्हणजे गसेट प्लेट, सर्वांत महत्त्वाची. अमेरिकेत मिनियापोलिसचा कैचीचा महामार्ग पूल १ ऑगस्ट २००७ रोजी कोसळून १३ माणसं गेली. तिथल्या काही गसेट प्लेट आराखड्यातच हव्या त्याच्या निम्म्या जाडीच्या होत्या.

नंतर बेअरिंग, म्हणजे गाळा खांबावर जिथे टेकतो ती बैठक; गाळा लांबला-आखडला की तिथल्या रोलरवर तो सरकतो. ६० मीटरचा पोलादी गाळा ४० अंश तापला की सुमारे २९ मिलिमीटर लांबतो. धूळ आणि गंजानं रोलर अडकला, तर तो जोर खांबाच्या माथ्यावर येतो आणि तिथलं बांधकाम तडकतं. रोलरखालची जागा झाडून ग्रीस लावणं हे स्वस्त काम आहे, तरी सगळ्यात जास्त तेच राहून जातं.

प्रश्न : तडा गेला तर वेल्डिंग का करत नाहीत?

उत्तर : जुन्या घडीव लोखंडात मळीचे, म्हणजे लोखंड बनवताना आत राहिलेल्या काचेसारख्या कचऱ्याचे, थर असतात. वेल्डच्या उष्णतेनं आणि ओढीनं ते थर सुटतात आणि तडा वेल्डशेजारी सरकतो. म्हणून तड्याच्या टोकाला भोक पाडून तो थोपवतात आणि वरून पट्टी बोल्टनं बसवतात.