तेल लावताना आईची शेवटची आंघोळ आठवली, माझं काही बिघडलंय का?

प्रश्न: ताई नमस्कार, मी 52 वर्षांची, डोंबिवलीला राहते. फेब्रुवारीत आई गेली. शेवटची दीड वर्षं ती अंथरुणावर होती, सगळं मीच केलं. मुलीने हट्टाने केरळला पाच दिवसांचं पंचकर्माचं बुकिंग करून दिलं, म्हणाली आता तू जरा आराम कर. पहिल्याच दिवशी लाकडी द्रोणीवर झोपवून दोघीजणी दोन बाजूंनी कोमट तेल लावायला लागल्या, एकीने माझा हात उचलला आणि मला एकदम आईची शेवटची आंघोळ डोळ्यासमोर आली, मी आणि वहिनीने तिचा हात असाच उचलून धरला होता. रडू आवरेना. पाचही दिवस हेच, की एक दिवस मलाही असंच कुणीतरी उचलणार. आता सगळे विचारतात फ्रेश झालीस ना, मी हो म्हणते. माझं काही बिघडलंय का? दिवाळीत घरचे गणेशपुरीच्या गरम कुंडांवर जायचं म्हणतायत, जाऊ का? बीपीची गोळी चालू आहे.

उत्तर: काहीही बिघडलेलं नाहीये हो. दीड वर्ष तुम्ही आईला कूस बदलून देत होतात, त्या काळात तुमचा हात कुणी उचलला? पहिल्यांदा कुणीतरी तुमचा भार घेतला आणि साठलेलं सगळं वर आलं, ते यायलाच हवं होतं. माझ्या सासूबाई गेल्या तेव्हा शेवटचं पाणी घालताना मी सवयीने बादलीत हात घालून बघितला, फार कढत तर नाही ना, आणि मग कळलं की आता ते बघायची गरज नाही. कितीतरी वर्षं झाली पण आजही गिझरचं पाणी हाताला लागलं की तो क्षण आठवतो.

आणि तेलाची आंघोळ नि मरण हे आपल्याकडे कधी लांब नव्हतंच. धनत्रयोदशीला दक्षिणेकडे वात करून यमासाठी दिवा लावतो, नरक चतुर्दशीला पहाटे तेल-उटणं लावून अभ्यंगस्नान करतो आणि त्याच दिवशी शास्त्रात यमतर्पणही सांगितलंय, म्हणजे वर्षातली सगळ्यात सुखाची आंघोळ यमाची आठवण ठेवूनच करायची. बाळाला मालिश करणारी बाईसुद्धा असाच एकेक हात उचलून तेल लावते. तुम्हाला द्रोणीवर जे आठवलं ते अभद्र वगैरे अजिबात नाही.

गणेशपुरीला जरूर जा. तानसा नदीकाठचं गाव, वज्रेश्वरी अगदी जवळ, वसई जिंकली तर देऊळ बांधीन असा चिमाजी अप्पांनी नवस केला होता आणि 1739 मध्ये वसई मिळाल्यावर बांधलं, ते हे वज्रेश्वरीचं देऊळ. गणेशपुरीच्या गरम कुंडांखाली ज्वालामुखी वगैरे नाही, पावसाचं पाणी खडकातल्या भेगांमधून खूप खोल जातं, तिथल्या उष्णतेने तापतं आणि परत वर येतं. 1961 मध्ये समाधिस्थ झालेल्या नित्यानंद बाबांची समाधी कुंडांपासून जवळच आहे, लोक आधी कुंडात अंग शेकून घेतात आणि ओल्या केसांनीच समाधीपाशी येऊन बसतात. तुम्हीही बसा, रडू आलं तर येऊ द्या.

फक्त बीपीचं नीट ऐका. गरम पाण्याने रक्तवाहिन्या सैलावतात, बीपी उतरतं, त्यात गोळी घेतलेली, मग एकदम उठलं की चक्कर येते. म्हणून जायच्या आधी डॉक्टरांना विचारा, कुंडात आठ-दहा मिनिटांच्या वर बसू नका, जेवल्या जेवल्या उतरू नका, पाणी पीत राहा आणि बाहेर येताना वहिनींचा हात धरा, पायऱ्या बुळबुळीत असतात.

मात्र झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, किंवा आपण कशाला जगायचं असं मनात यायला लागलं तर दिवाळीची वाट बघू नका, लगेच डॉक्टरांकडे जा, नाहीतर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर फोन करा, फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं.

आणि मुलीला ते "हो, फ्रेश झाले" सांगणं थांबवा. पैसे वाया गेले असं तिला वाटेल म्हणून तुम्ही लपवताय, पण ती तिची आजी होती. तुम्ही आणि वहिनी आत आंघोळ घालत होतात तेव्हा ती बहुतेक बाहेरच्या खोलीत बसली असेल, आत काय झालं हे तिला अजून कुणी सांगितलं नसेल.