पावसाळ्यात आणलेली पिल्लं का मरतात?

तुम्ही लिहिलंय की जूनमध्ये गाडीवर विकायला आलेली २५ पिल्लं घेतली, पाच दिवसांत ११ गेली, पाण्यातून टेट्रासायक्लिन चालू आहे, तर आता दुसरं कुठलं औषध द्यावं? आधी ते औषध बंद करा आणि आज अंधार पडायच्या आत बल्ब बदला. बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल.

फोटोत खोक्यावर लोंबतोय तो ९ वॅटचा एलईडी आहे. त्याचा उजेड पडतो, ऊब काहीच मिळत नाही. पिल्लांना पहिल्या आठवड्यात त्यांच्या पाठीच्या उंचीला ३५ अंश सेल्सिअस लागतात, पुढे दर आठवड्याला साधारण तीन-तीन अंश कमी. आपल्या कोकणात पावसाळी रात्री पारा २४-२५ वर असतो. आपण पंखा लावून झोपतो, म्हणून वाटतं पिल्लांनाही उकडतच असेल. त्यांना दहा अंश कमी पडत असतात, शिवाय अंगावर पिसं नाहीत, नुसती लव.

मी लग्न होऊन कुडाळकडे आले त्या वर्षी हीच चूक केली. ३० पिल्लांतली आठ उरली. रोज मेलेली पिल्लं उचलायची आणि औषधाच्या दुकानात पळायचं, हा माझा उद्योग. सासूबाई चार दिवस गप्प बघत होत्या. पाचव्या दिवशी म्हणाल्या, "आजारान नाय, गारठ्यान मरतत ती." आणि चुलीजवळ पाटीत घेऊन बसल्या. ती आठ त्यांनी वाचवलेली.

तर आता करायचं काय. पिवळा, तारेचा जुना बल्ब शोधा. दुकानदार नाही म्हणतात, पण आतल्या कप्प्यात असतो. हिशेब दर पिल्लामागे दोन वॅटचा, म्हणजे तुमच्या १४ पिल्लांना तीसेक वॅट, पण पावसाळा आहे, तेव्हा ४०-४० चे दोन लावा. एक उडाला तर दुसरा रात्र काढतो. जमिनीपासून फूट-दीड फूट उंच, आणि दोरीने असा बांधा की वर-खाली करता येईल. तो कितीवर ठेवायचा हे पिल्लंच सांगतात. बल्बखाली एकमेकांच्या अंगावर चढून चिवचिवाट करत असतील तर थंडी वाजतेय, बल्ब खाली घ्या. कडेला पळून चोची उघड्या टाकून धापत असतील तर वर घ्या. सगळी एकाच बाजूला सरकली असतील तर दुसरीकडून वारा लागतोय, तिथे गोणपाट लावा. इकडेतिकडे पसरून पाय लांब करून झोपली असली की तुम्हीही झोपा.

चौकोनी खोकं काढून टाका. घाबरली की पिल्लं कोपऱ्यात ढीग करतात आणि खालची गुदमरून मरतात. सकाळी कोपऱ्यात चपटी झालेली तीन सापडली असं तुम्ही म्हणता, ती तशीच गेली असणार. पुठ्ठा किंवा पत्रा वाकवून गोल कडं करा, आत दोन इंच भाताचं तूस, आणि नुसता गुळगुळीत वर्तमानपत्राचा कागद नको, त्यावर पाय घसरून फाकतात. पहिले दोन दिवस तुसावर गोणपाट टाकलेलं बरं.

लाईट जाणारच आहे, ते गृहीत धरा. आम्ही दोन-तीन बाटल्यांत सोसेल इतकं गरम पाणी भरून जुन्या लुगड्यात गुंडाळून मध्ये ठेवतो आणि वरून अर्धं डालं झाकतो. निखाऱ्यांची शेगडी बंद खोलीत ठेवू नका, त्यातून निघणाऱ्या विषारी वायूने माणूसही जातो.

पाणी कोमट, पहिल्या दिवशी थोडा गूळ घालून. एकेक पिल्लू हातात घ्यायचं, चोचीचं टोक पाण्यात बुडवायचं, ते मान वर करून गिळतं ते बघायचं, मग सोडायचं. कंटाळवाणं काम आहे, पण लांबून आलेल्या पिल्लांतली बरीचशी तहानेने जातात. अंड्यातला बलक पोटात असतो त्यावर ती दोनेक दिवस निघतात; तुमच्या हातात येईपर्यंत ते दिवस गाडीवरच संपलेले असतात. भांडं उथळ आणि त्यात खडे, नाहीतर बुडतात. टेट्रासायक्लिनने पाणी कडू होतं आणि ती आणखीच कमी पितात. पिल्लू उलटं करूनही बघा. मागे विष्ठा सुकून खडा झालेला असेल तर ओढून काढू नका, कातडी सोलते. कोमट पाण्याचा बोळा धरून मऊ करा, पुसा, बल्बखाली सोडा.

खाणं स्टार्टरच (पिल्लांचं तयार खाद्य) द्या, सहा-आठ आठवडे. नुसत्या कण्यांवर वाढवलेली पिल्लं पायात लुळी पडतात. आणि हो, फोटोत चार गुलाबी-हिरवी दिसतायत. रंगवलेली पिल्लं बहुतेक अंड्यांच्या जातीचे नर असतात, हॅचरीला ते नको असतात म्हणून स्वस्तात गाडीवर येतात. त्यांच्याकडून अंड्यांची आशा धरू नका. पुढच्या खेपेला गिरिराजा, वनराजा, कावेरी, ज्या जातीची घ्याल ती सरकारी अंडी उबवणी केंद्रातून किंवा खात्रीच्या माणसाकडून घ्या. आपल्याला कोल्हापूरचं केंद्र जवळ.

लसीचं मात्र टाळू नका. सातव्या दिवसाच्या आत लासोटा (मानमोडी म्हणजे राणीखेत रोगाची लस), डोळ्यात एक थेंब. पिल्लू पापणी मिटेपर्यंत धरून ठेवायचं. चौदाव्या दिवशी गंबोरो रोगाची लस, चौथ्या आठवड्यात लासोटा पुन्हा, आठव्या आठवड्यात मानमोडीच्याच आर-टू-बी लसीचं इंजेक्शन. अडचण अशी की कुपी १०० पिल्लांची येते आणि पाण्यात मिसळली की दोन तासांत संपवावी लागते. १४ पिल्लांसाठी कोण आणणार, म्हणून सगळेच टाळतात. आमच्या वाडीत आम्ही सहा घरं मिळून एक कुपी आणतो, थर्मासमध्ये बर्फ घालून, आणि संध्याकाळी ओटीवर सगळ्यांच्या पाट्या येतात. पैसे अगदीच थोडे पडतात, गप्पा जास्त.

हे शहाणपण मला फुकट आलेलं नाही. एका वर्षी राखणेसाठी (राखणदार देवाला कोंबडा द्यायचा विधी) आठवडा बाजारातून कोंबडा आणला आणि चार दिवस आमच्याच खुराड्यात कोंडला. राखण झाली, आठवड्याने कोंबड्यांना हिरवी हगवण, मग माना वाकड्या. मानमोडी. १७ पैकी तीन उरल्या. नवीन पक्षी आता तीन आठवडे वेगळा, परसाच्या दुसऱ्या टोकाला राहतो, मग तो देवाचा असो की पाहुण्यांचा. आणि अशा पटापट मरायला लागल्या तर गुपचूप पुरून टाकू नका, पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. मानमोडी आणि बर्ड फ्लू नुसत्या डोळ्यांनी वेगळे काढता येत नाहीत. २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा काय झालं ते आपल्याकडे विसरलेलं नाही.

औषध खरंच लागतं ते तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात, विष्ठेत रक्त दिसलं तर. पावसाळ्यात तूस ओलं होऊन त्याच्या खपल्या होतात, त्यातूनच ही रक्ती हगवण येते. डॉक्टर अँप्रोलियम देतील, पण तूस रोज खालीवर केलं नाही आणि भिजलेलं उचलून टाकलं नाही तर पुन्हा येणार.

घरापुरत्या आठ-दहा कोंबड्या ठेवायच्या म्हणता, तर त्यात दोन तरी गावठी असू द्या. अंडी कमी देतात, वर्षाला साठ-ऐंशी, पण खुडूक होतात (अंडी उबवायला बसतात), आणि खुडूक कोंबडी ही बल्ब, बाटल्या, जागरण या सगळ्याला सुट्टी देते. गिरिराजासारख्या जाती सहसा बसतच नाहीत. खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवण्याला आमच्याकडे रवणीवर बसवणं म्हणतात. पाटीत पेंढा, अंधारी जागा, आठवड्याच्या आतली न धुतलेली दहा-बारा अंडी. सातव्या-आठव्या रात्री मोबाईलचा टॉर्च अंड्याखाली धरा: आत लाल शिरांचं कोळ्यासारखं जाळं दिसलं तर ठेवा, नुसतं पिवळं पारदर्शक दिसलं तर काढा. २१ व्या दिवशी चोच मारायला लागतात. तेव्हा हात घालायचा मोह आवरा. मी एकदा सोलून मदत केली होती, ते पिल्लू रक्ताळून गेलं. विकतची एक दिवसाची पिल्लंही रात्रीच्या अंधारात अशा कोंबडीच्या पोटाखाली सरकवता येतात. सकाळी ती त्यांना आपलीच समजून फिरवते. उजेडात दिलीत तर टोचून मारते.

खुराड्याला साधी कोंबडीची जाळी पुरत नाही. मुंगूस आणि साप तिच्यातून आत येतात, कांडेचोर (उदमांजर) ती फाडतो. अर्ध्या इंचाची वेल्डमेश घ्या, आणि जमिनीवर चिऱ्याचा थर. कवच पातळ येऊ लागलं तर खाडीतल्या तिसऱ्यांचे शिंपले भाजून, कुटून वेगळ्या भांड्यात ठेवा. हवे तेवढे त्या स्वतः खातात.

कोंबडा लागेल का, तर अंड्यांसाठी नाही. तलंग (तरुण कोंबडी) मोठी झाली की तशीही अंडी घालते. पिल्लं काढायची असतील तर आठ-दहा कोंबड्यांना एक पुरे. दोन ठेवलेत तर ते एकमेकांशीच भांडत बसतील आणि पहाटे साडेतीनपासून शेजारी तुमच्याशी.