गडद रंग कुठे द्यायचा?

प्रश्न : मुलीला प्रकल्पासाठी मराठवाड्याच्या लोकसंख्येचा नकाशा काढायचा आहे. जिल्हे रंगवावेत की टिंबं द्यावीत?
– एक पालक, अंबाजोगाई

उत्तर : हाताशी फक्त जिल्हावार आकडे असतील तर जिल्हे रंगवा, म्हणजे क्षेत्रघनी पद्धत घ्या. पण रंगवायची ती घनता, म्हणजे दर चौरस किलोमीटरमागे किती माणसं. एकूण लोकसंख्या नव्हे. सर्वाधिक नकाशे इथेच चुकतात. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्याची लोकसंख्या २५,८५,०४९ होती, लातूरची २४,५४,१९६. हेच आकडे रंगवले तर बीड गडद होतं. आता क्षेत्रफळाने भागा. बीड १०,६९३ चौरस किलोमीटर, लातूर ७,१५७. घनता बीडची २४२, लातूरची ३४३. चित्र पार उलटलं! मोठा जिल्हा कागदावर आधीच जास्त जागा घेतो, त्यात गडद रंग दिला की डोळा फसतो.

गट चार-पाचच ठेवा आणि एकाच रंगाच्या फिकट ते गडद छटा द्या. लाल, हिरवा, पिवळा असं रंगवल्यावर कमी-जास्त कळत नाही.

टिंबांसाठी तालुकावार, जमल्यास गाववार आकडे लागतात. एका टिंबाला १०,००० माणसं धरली तर लातूर जिल्ह्यात २४५ टिंबं येतील. सगळी एकाच आकाराची काढा, पण सारख्या अंतरावर पेरू नका. लातूर शहरापाशी दाटी दिसलीच पाहिजे, आणि पैठण तालुक्यात नाथसागराच्या पाण्यात एकही टिंब पडता कामा नये.

प्रश्न : पावसाच्या नकाशालाही हीच पद्धत चालेल का?
– एक विद्यार्थी, नांदेड

उत्तर : नको. पाऊस जिल्ह्याच्या हद्दीपाशी बदलत नाही. किनवटकडून आष्टीकडे यावं तसा तो कमी होत जातो. त्यासाठी सममूल्य रेषा, म्हणजे सारख्या पावसाची ठिकाणं जोडणाऱ्या रेषा काढा. समजा, दोन केंद्रांवर ६०० आणि ७६० मिलिमीटर पाऊस आहे आणि नकाशावर त्यांच्यात ८ सेंटिमीटर अंतर आहे. ७०० ची रेषा १६० पैकी १०० भागांवर, म्हणजे ६०० च्या केंद्रापासून ५ सेंटिमीटरवर जाईल. अंदाजाने मधोमध ओढू नका. वेगवेगळ्या मूल्यांच्या दोन रेषा एकमेकींना छेदल्या तर आकडेमोड पुन्हा तपासा, कारण एकाच ठिकाणी दोन मूल्यं असू शकत नाहीत.

प्रश्न : स्थलनिर्देशक नकाशाची झेरॉक्स मोठी करून घेतली. आता अंतरं चुकतात.
– एक शिक्षिका, उदगीर

उत्तर : ए-४ चा ए-३ करताना लांबी १४१ टक्के होते. कागदावर १:५०,००० छापलेलं तसंच राहतं, खरं प्रमाण मात्र सुमारे १:३५,००० झालेलं असतं. यापुढे झेरॉक्सच्या चौकटीत नकाशाचं रेषाप्रमाणही, म्हणजे किलोमीटरच्या खुणा केलेली पट्टी, येऊ द्या. ते नकाशाबरोबर वाढतं, आणि त्यावरून मोजलेलं अंतर बरोबर येतं.