मुलगा दिसायला ठणठणीत आहे, मग दिव्यांग सर्टिफिकेट कशाला?

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात सांगते. मुलगा वीस वर्षांचा, कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या एसईला, म्हणजे दुसऱ्या वर्षाला होता, फेब्रुवारीत टेम्पोने बाइकला उडवलं, डोक्याचं ऑपरेशन झालं, आता आठ महिन्यांनी तो चालतो, जेवतो, पाहुण्यांशी बोलतो. पण उजव्या हातात जोर नाही, बोलताना शब्द सापडत नाहीत, सकाळी वाचलेलं दुपारी आठवत नाही, तासाभरात थकतो आणि पूर्वी कधी न चिडणारा पोरगा आता ताट सरकवून उठतो. त्याचे बाबा म्हणतात इंजिनिअरिंग सोडून बीकॉम कर, आणि दीर म्हणतात सर्टिफिकेट काढू नका, जन्माचा शिक्का बसेल, लग्नाला अडचण येईल.

आधी सर्टिफिकेटचं बोलू, कारण कॉलेजचं काय करायचं ते बऱ्याच अंशी त्यावर ठरणार आहे. माझं मत स्पष्ट आहे, काढा. आणि नुसतं काढू नका, नीट तयारी करून काढा. डोक्याला मार लागलेल्या मुलांचं नेमकं इथेच नुकसान होतं, कारण सर्टिफिकेट देणाऱ्या मेडिकल बोर्डासमोर मुलगा पाच मिनिटं बसतो, नाव-गाव नीट सांगतो, हात थोडा कमजोर दिसतो तेवढाच मोजला जातो, आणि जे घरी रोज दिसतं ते कागदावर येतच नाही.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात 'डोक्याला मार' असा वेगळा प्रकार नाही. त्यामुळे तिथे इजा मोजत नाहीत, इजेमुळे काय गेलं ते मोजतात. हातपायाची कमजोरी असेल तर ती अस्थिव्यंगात. शब्द सापडत नाहीत त्याला अफेजिया म्हणतात, तो वाचा आणि भाषा दोषात येतो आणि कायद्यात त्याचं नाव घेऊन उल्लेख आहे. एका बाजूचं दिसत नसेल तर डोळ्यांची तपासणी, आणि ही हमखास राहून जाते, मुलगा दाराच्या चौकटीला खांदा आपटतो का बघा. बौद्धिक अक्षमता त्याला लागू होणार नाही कारण ती वाढीच्या वयात सुरू झालेली असावी लागते. मग स्मरणशक्ती आणि चिडचिड कुठे मोजायची? मानसिक आजाराची जी व्याख्या कायद्यात आहे त्यात विचार आणि मूड यांच्यासोबत स्मृतीसुद्धा आहे, म्हणजे सायकिअॅट्रिस्ट ते तपासू शकतात, स्वतःची काळजी, लोकांशी वागणं, संवाद आणि काम या बाबींवर स्कोअर देतात. आता 'मानसिक आजार' हे शब्द वाचून घरात काय होईल याची मला कल्पना आहे. पण त्याचा सगळ्यात मोठा त्रास तोच आहे, हात नाही, आणि तो वगळला तर सर्टिफिकेट अर्धंच होईल. हा निर्णय मात्र त्याला विचारून घ्या, तो सज्ञान आहे.

आणखी एक गोष्ट जी फारशी कुणी सांगत नाही. दोन प्रकारच्या अपंगत्वाचे टक्के असतील तर त्यांची सरळ बेरीज होत नाही, सूत्र असं की मोठा आकडा अधिक, लहान आकडा गुणिले (९० वजा मोठा आकडा) भागिले ९०. समजा हाताचे ३० आले आणि बोलण्याचे २०, तर ३० अधिक १३.३, म्हणजे ४३ टक्के. नुसता हात दाखवून आला असता तर ३० वरच थांबला असता आणि ४० च्या आत असलं की बहुतेक सवलती मिळत नाहीत. म्हणून सगळ्या तपासण्या करून घ्या म्हणते.

तर तयारी अशी. ऑपरेशनची नोंद, डिस्चार्ज समरी, सीटी-एमआरआयच्या फिल्मा आणि रिपोर्ट, फिजिओ आणि स्पीच थेरपीच्या नोंदी, सगळं एका फाइलमध्ये तारखेप्रमाणे लावा. मग आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) रजिस्टर्ड क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडून न्यूरोसायकॉलॉजिकल असेसमेंट करून घ्या, यात लक्ष, स्मरणशक्ती, काम करण्याचा वेग, नियोजन हे वेगवेगळं तपासतात. नुसती आयक्यू टेस्ट करू नका. आयक्यू नॉर्मल येऊ शकतो आणि तोच कागद पुढे तुमच्याविरुद्ध जातो. प्रायव्हेटमध्ये हे महाग पडतं, पुण्यात ससून रुग्णालयाच्या आवारातच महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्था आहे, आधी तिथे चौकशी करा. आणि तुम्ही स्वतः एक पान लिहा, दिवसभरात त्याला कशाकशात मदत लागते, गॅस चालू ठेवला, बस चुकीची पकडली, जे खरंच झालं तेच. बोर्डाला नातेवाइकांचं म्हणणंही लागतं आणि तोंडी सांगताना आया रडतात आणि निम्मं राहून जातं.

अर्ज यूडीआयडीच्या (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन करायचा, फी नाही. त्रास असेल ते सगळे प्रकार अर्जात नोंदवा. पुण्यात ससून किंवा औंधचं जिल्हा रुग्णालय, तुम्ही कोथरूडला म्हणजे ससून बरं पडेल. मेंदूच्या इजेत साधारण सहा महिने झाल्यावर तपासतात, तुमचे आठ झालेत, म्हणजे वेळ योग्य आहे. बहुतेक तात्पुरतं सर्टिफिकेट देतील, ठरावीक मुदतीचं, कारण अजून सुधारणा होऊ शकते. आणि दिरांना हेच सांगा, की जन्माचा शिक्का कसला, मुदत संपली की पुन्हा तपासणी होते. शिवाय ते कार्ड कुठे दाखवायचं हे त्याच्या हातात असतं. टक्के फारच कमी दिले असं वाटलं तर अपील करता येतं, कायद्याच्या कलम ५९ मध्ये तशी सोय आहे.

आता कॉलेज. बीकॉमला माझा आत्ता तरी विरोध आहे, बीकॉम वाईट म्हणून नाही, तर आठव्या महिन्यात हा निर्णय घ्यायचाच नसतो म्हणून. मेंदूची सुधारणा पहिल्या सहा महिन्यांत जास्त होते पण पुढेही वर्ष-दोन वर्षं चालू राहते. आणि बीकॉमलाही लक्षात ठेवावंच लागतं, ताई. कोर्स बदलला म्हणून स्मरणशक्ती परत येत नाही, उलट पहिल्या वर्षाला लहान मुलांमध्ये अनोळखी विषय घेऊन बसावं लागतं, आणि प्रोग्रॅमिंगचं जे अपघाताआधी शिकलाय ते बरंचसं शाबूत असतं कारण जुनं शिकलेलं सहसा टिकतं, नवीन शिकायला त्रास होतो. त्याने पत्रासोबत पाठवलेला छोटा प्रोग्रॅम मी आमच्याकडच्या एका डेव्हलपरला दाखवला, तो म्हणाला लॉजिक बरोबर आहे. सावकाश लिहिला असेल, पण बरोबर लिहिलाय.

त्याचं जे सेम बुडालं तेच जानेवारीत परत सुरू होतंय. प्रिन्सिपलना आत्ताच लेखी अर्ज द्या, तोंडी नको, की मेडिकल कारणाने टर्म पुन्हा करायची आहे, विषय दोन सेममध्ये विभागून घेता येतील का आणि परीक्षेला काय सवलती मिळतील. सर्टिफिकेट ४० किंवा त्याहून जास्त टक्क्यांचं असेल आणि लिहायला अडचण आहे असं सिव्हिल सर्जनने दिलं तर लेखनिक मिळतो आणि तासाला किमान २० मिनिटं जादा, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. ४० च्या खाली आलं तरी हातपाय गाळू नका, २०२१ मध्ये विकास कुमार केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की लेखनिकासाठी ४० ची अट लावता येणार नाही आणि २०२२ मध्ये केंद्राने तशी मार्गदर्शक तत्त्वं काढली. कॉलेजने नुसतीच टोलवाटोलवी केली तर दिव्यांग कल्याण आयुक्तालय आपल्या पुण्यातच आहे, चर्च पथावर, लेखी तक्रार तिथे नेऊन द्या, पोच घ्या.

नोकरीचंही आत्ताच डोक्यात ठेवा. सरकारी नोकरीत ४ टक्के आरक्षण आहे पण ते सगळ्या २१ प्रकारांना नाही, अस्थिव्यंग आहे, मानसिक आजार आहे, पण एकटा वाचा-भाषा दोष त्या यादीत नाही. सरकारी आणि अनुदानित कॉलेजांत उच्च शिक्षणातलं ५ टक्के मात्र ४० आणि त्यावरच्या सगळ्यांना. म्हणून सर्टिफिकेटवर कोणता प्रकार लिहिलाय तो टक्क्यांइतकाच महत्त्वाचा. आयटीत म्हणाल तर घड्याळ लावून घेतलेल्या अॅप्टिट्यूड टेस्टमध्ये तो मागे पडेल हे धरून चाला, टेस्टिंग, डॉक्युमेंटेशन, डेटाची कामं यांत अचूकपणाला किंमत असते, त्या बाजूला बघू, पण ते दोन वर्षांनी.

पैशाचं पटकन सांगते. केंद्राच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला उत्पन्न २.५ लाखांच्या आत लागतं, तुमचं बसणार नाही. त्याच्या बाबांना इन्कम टॅक्समध्ये दिव्यांग मुलाच्या सांभाळासाठी (१९६१ च्या कायद्यात कलम ८०डीडी) ७५,००० ची वजावट मिळेल, पण जुनी टॅक्स पद्धत घेतली तरच. सर्टिफिकेट बहुदिव्यांग म्हणून आलं तर निरामय हा सरकारी आरोग्य विमा बघा, वर्षाला १ लाखापर्यंत, त्यात थेरपीचा खर्चही धरतात. अपघाताचा क्लेम तुम्ही घातलाच आहे, वकिलांना न्यूरोसायकॉलॉजीचा रिपोर्ट नक्की द्या, राजकुमार विरुद्ध अजय कुमार या २०१० च्या निकालात सुप्रीम कोर्टाने स्पष्ट म्हटलंय की शरीराच्या अपंगत्वाचे टक्के आणि कमाई बुडण्याचे टक्के सारखे नसतात.

या आठवड्यापासून एक करा, रोज सकाळी दोन सलग तास, आंघोळ-नाश्ता झाल्यावर लगेच, एकच विषय, वीस मिनिटं वाचन आणि दहा मिनिटं पडून राहणं. फोन बाजूला. किती वेळात काय झालं ते त्यालाच वहीत लिहू दे, तुम्ही तपासू नका. डिसेंबरपर्यंतची ती वही आणि असेसमेंटचा रिपोर्ट घेऊन त्याला माझ्याकडे पाठवा, जानेवारीला किती विषय झेपतील ते त्याच्याशी बोलून ठरवू. तुम्ही आणि त्याचे बाबा तेवढा वेळ बाहेर बसलात तर बरं होईल, तुमच्याशी नंतर वेगळं बोलते.