गावात बँकेची शाखा नाही आणि आजींचा अंगठा मशीन घेत नाही. पैसे काढायचे कसे?

तुम्ही लिहिलंय की शाखा २२ किलोमीटरवर आहे, गावात बँक मित्र (बँकेने नेमलेला, मशीनवर पैसे देणारा माणूस) येतो, पण श्रावणबाळ योजनेचे पैसे काढताना आजींचा अंगठा लागत नाही आणि तो दर वेळी "शाखेत जा" म्हणतो. शाखेत जावं लागेलच, पण ती फेरी एकदाच नीट करा. त्याआधी गावातच बघण्यासारखं बरंच आहे.

अंगठाच हवा असं काही नाही. आधार काढताना दहाही बोटं घेतलेली असतात. खुरपणी आणि भांडी घासून अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या रेषा आधी झिजतात. डाव्या हाताचं मधलं बोट किंवा अनामिका लावून बघा. हात साबणाने धुवा, तंबाखूचा चुना बोटावर राहिला असेल तर तो निघायला हवा. पण अगदी कोरडं बोटही चालत नाही, म्हणून पुसल्यावर मिनिटभर मूठ मिटून ठेवायला सांगा. मशीनची काच कोरड्या फडक्याने पुसा. बोट नुसतं टेकवायचं. जोरात दाबलं की रेषा पसरून एकमेकींत मिसळतात. पडद्यावर ३०० हा आकडा आला तर ठसा जुळला नाही, दुसरं बोट लावा. ३३० आला तर आधारचं बायोमेट्रिक, म्हणजे बोटांची आणि डोळ्यांची ओळख, लॉक आहे. ते उघडेपर्यंत कुठलंही बोट लावून उपयोग नाही.

पोस्टमनलाही विचारा. इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेच्या सेवेतून, आधार जोडलेलं खातं दुसऱ्या बँकेत असलं तरी, तो दारात पैसे देऊ शकतो.

आता शाखेची फेरी. खरं काम आहे रुपे कार्डाचं, म्हणजे खात्याच्या एटीएम कार्डाचं. बँक मित्राकडच्या मायक्रो एटीएमवर, म्हणजे छोट्या मशीनवर, कार्ड आणि पिन चालतो, तिथे बोटाचा प्रश्नच येत नाही. जनधन किंवा शून्य शिल्लक खात्याला हे कार्ड फुकट असतं आणि महिन्याला किमान चार वेळा पैसे काढायला शुल्क नसतं. पिन मात्र आजींनी घरच्याच माणसाला सांगावा, बँक मित्राला कधीच नाही.

त्याच फेरीत केवायसी, म्हणजे ओळख-पत्त्याची नोंद ताजी करणं, करून घ्या. ती राहिली की खात्यावर बंधनं येतात आणि दोष उगीच अंगठ्यावर जातो. (पत्ता वगैरे काही बदललं नसेल तर जून २०२५ पासून हे स्वयंघोषणापत्र बँक मित्राकडेही देता येतं, आधी त्याला विचारा.) मग आधार सीडिंग, म्हणजे योजनेचे पैसे आधारवरून कुठल्या खात्यात जातात, ते तपासा. आधार खात्याला नुसतं जोडलेलं असणं वेगळं आणि योजनेच्या पैशांसाठी एनपीसीआयच्या (बँकांमधल्या पेमेंटची यंत्रणा चालवणाऱ्या संस्थेच्या) नोंदीत तेच खातं असणं वेगळं. त्या नोंदीत एका आधारला एकच बँक असते. मध्येच कुणी सिमकार्ड देताना दुसरं खातं उघडून दिलं असेल, तर पैसे तिकडे जात असतात आणि इकडे शिल्लक शून्य दिसते. वय सत्तरच्या पुढे असेल तर घरपोच सेवेचा अर्जही विचारा. तालुक्याला आधार केंद्र असेल तर बोटांचे ठसे नव्याने द्या, सोबत डोळ्यांचेही.

"कॅश नाही" हे उत्तर बहुतेक वेळा खरं असतं. बँक मित्र खिशातली रोकड देतो, तेवढी रक्कम त्याच्या खात्यात जमा होते आणि नवी रोकड आणायला त्यालाच शाखेत जावं लागतं. योजनेचे पैसे पडतात त्या दिवशी गल्ला दुपारपर्यंत संपतो. दोन दिवसांनी सकाळी जा.

खात्यातून पैसे कापले गेले पण हातात मिळाले नाहीत, तर पावती किंवा पडद्याचा फोटो घ्या, त्यावरचा आरआरएन, म्हणजे त्या व्यवहाराचा नंबर, महत्त्वाचा. पाच दिवसांत रक्कम परत यायला हवी; त्यानंतर दर दिवसाला १०० रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. लेखी तक्रार आधी आजींच्या बँकेकडे करा. ३० दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, त्याची माहिती १४४४८ वर मिळते.

बँक मित्राने "शंभराला दोन रुपये" मागितले तर देऊ नका. बँकेच्या कामासाठी ग्राहकाकडून पैसे घ्यायला त्याला मनाई आहे, त्याचं कमिशन बँक देते. आणि "नुसती शिल्लक बघतो" म्हणून बोट मागितलं, की आधी पडद्यावर रक्कम टाकलेली आहे का ते कुणीतरी वाचायला हवं. "लागलं नाही, परत लावा" म्हटल्यावरही पहिल्या वेळेची पावती मागा, मगच दुसऱ्यांदा बोट ठेवू द्या.