‘टॅप’ केलं, की हात टेकले?

प्रश्न बेळगावच्या एका पोराचा आहे. तो एमएमएच्या, म्हणजे मिक्स्ड मार्शल आर्ट्सच्या क्लासला जातो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: “आमच्या बॅचचे टी-शर्ट छापायचेत. पुढे ‘टॅपआऊट’साठी, म्हणजे तळहात आपटून हार कबूल करण्यासाठी, अस्सल मराठी शब्द हवा, मागे ‘शड्डू’ टाकणार आहोत. आजोबा जुने पैलवान. ते म्हणतात, कुस्तीत असला प्रकारच नाही, मग शब्द कुठनं येणार? आणि शड्डू मराठी की कन्नड, यावरून बॅचमध्ये दोन तट पडलेत.”

आजोबांपासून सुरुवात करतो, कारण ते नव्वद टक्के बरोबर आहेत.

मातीतल्या कुस्तीत हरणं म्हणजे काय, ते आपल्या शब्दांतच लिहिलेलं आहे. चीत झाला. पाठ लागली. आस्मान दिसलं. चारी मुंड्या चीत. धूळ चारली, लोळवला, माती खाल्ली. हे सगळे शब्द एकच गोष्ट सांगतात: हरलेल्याचं अंग कुठे पडलं आहे आणि तोंड कुठल्या दिशेला आहे. पाठ मातीला लागली की पंचाचा हात वर, हलगीचा ठेका बदलला, संपलं. हरणाऱ्याला कुणी काही विचारत नाही. त्याला हार कबूल आहे की नाही, हा मुद्दाच नाही. येळ्ळूरच्या मैदानात किंवा आनंदवाडीच्या आखाड्यात उठून अंगावरची माती झटकत “लागलीच न्हाई पाठ!” म्हणून वाद घालणारा पैलवान दर वर्षी एक तरी दिसतो. तो वादसुद्धा पाठीचाच असतो, मनाचा नसतो.

एमएमएत तीन-चार प्रकारे हरता येतं, पण टॅप हा त्यातला वेगळाच. गळा आवळलाय, कोपर उलटं चाललंय, आणि गडी शुद्धीवर आहे. तो समोरच्याच्या पाठीवर, दंडावर किंवा खाली मॅटवर तळहाताने दोन-तीनदा आपटतो. पंच धावत येऊन सोडवतो. इथे हार जमीन ठरवत नाही, हरणाराच जाहीर करतो. हात अडकले असतील तर पायाने आपटतो, तेही जमत नसेल तर तोंडाने सांगतो. ही रीत आली ज्युदोतून. ज्युदोत तोंडी कबुलीला ‘माइत्ता’ म्हणतात, म्हणजे ‘हरलो’. मित्सुयो माएदा नावाच्या जपानी ज्युदोपटूने ही विद्या ब्राझीलला नेली, तिथे ग्रेसी घराण्याने ती आपली केली. मग १२ नोव्हेंबर १९९३ ला अमेरिकेत डेन्व्हरमध्ये पहिली यूएफसी, म्हणजे एमएमएच्या लढती भरवणाऱ्या कंपनीची पहिली स्पर्धा झाली, तेव्हा रॉयस ग्रेसीने एका रात्रीत तिघांना टॅप करायला लावलं. पहिला बॉक्सर होता. एकाच हातात ग्लोव्ह घालून उतरला होता गडी! दुसरा हात मोकळा कशाला ठेवला होता, ते शेवटी कळलंच सगळ्यांना.

तेव्हा कुस्तीच्या कोशात हा शब्द नाही, हे आजोबांचं खरं. पण कुस्तीत नाही म्हणजे मराठीत नाही, असं होत नाही. आपल्याकडे हरणाऱ्याने स्वतःहून करायच्या कबुल्या भरपूर आहेत. त्या लढाईच्या मैदानातून नाहीतर घरातून आल्या आहेत. दाती तृण धरणे बघा: दातात गवताची काडी धरायची, म्हणजे मी गाय आहे, मारू नकोस. टॅपच्या फार जवळचा प्रकार आहे हा, फक्त एमएमए लढतात त्या जाळीच्या पिंजऱ्यात गवत मिळत नाही. नांगी टाकणे खेळाच्या पानावर रोज येतं, पण ते विंचवाचं आहे आणि त्यात भित्रेपणाची छटा आहे. शरण येणे इतिहासाच्या पुस्तकातलं. माघार घेणे निवडणुकीच्या अर्जाचं.

‘थाप’ सुचवली असेल कुणीतरी, पैजेवर सांगतो. तळहाताने आपटतात म्हणून थाप. ती तेवढी टाळा. ‘त्याने तिसऱ्या मिनिटाला थाप मारली’ असं लिहिलंत तर वाचणारा विचारेल, काय खोटं बोलला?

माझ्या मते शब्द आपल्याकडे आहे आणि तो रोज वापरात आहे: हात टेकणे. “या पोरापुढं मी हात टेकले” असं म्हणणारी आई प्रत्येक गल्लीत आहे. नाइलाज झाला, आता पुढे जोर चालत नाही, हे मी स्वतः कबूल करतो, हा त्याचा अर्थ. कबुली हरणाऱ्याची, ती तो हाताने देतो, आणि त्यात लाज फारशी नाही, झालंच तर थोडं हसू आहे. टॅपमध्ये आणखी काय असतं?

टेकणे हे क्रियापदही बघण्यासारखं आहे. माथा टेकला तर भक्ती, गुडघे टेकले तर शरणागती, पाठ टेकली तर अंथरुणात विश्रांती आणि आखाड्यात हार. टेकीला येणे म्हणजे पार जेरीस येणे. अंगाचा कुठला भाग टेकला त्यावर माणसाची अवस्था ठरते. कुस्तीत पाठ टेकते, एमएमएत हात टेकतो. आजोबा आणि नातू यांच्यात फरक तेवढाच. पलीकडच्या कन्नड घरातही हे काम हातालाच लावलंय. तिथे हताश माणूस ‘कै चेल्लु’तो, म्हणजे हात सांडतो. आपण टेकतो, ते सांडतात.

यावर एक आक्षेप रास्त आहे, कुणी घेण्याआधी मीच घेतो. टेकणे ही थांबलेली क्रिया आहे. हात टेकला की तिथेच राहतो. टॅप म्हणजे टप-टप-टप, आवाज हवा, नाहीतर पंचाला कळायचं कसं? पण अर्थ नेमका लागत असताना आवाजासाठी नवा शब्द घडवायची मला हौस नाही.

क्लासमध्ये सरावाच्या वेळी काय म्हणता, हे तुम्ही लिहिलं नाहीत. एका क्लासमध्ये मी खिडकीशी अर्धा तास बसून ऐकलं आहे. एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर निळ्या मॅट, भिंतीला घामाचा वास, आणि दहा-बारा पोरं एकमेकांच्या गळ्यात. त्या अर्ध्या तासात ‘टॅपआऊट’ हा शब्द एकदाही आला नाही. आलं ते “बास! बास की!” आणि एक पोरगा खाली दबून “साकु, साकु” म्हणत होता. त्याच्या वर बसलेला मराठी होता, पण साकु कळायला बेळगावात भाषांतर लागत नाही. तोंडी टॅप इथे दोन भाषांत चालतो आणि पकड दोन्हींना सुटते.

तिथेच व्याकरणाची एक गंमत सापडली. “त्यानं टॅप केलं” म्हणजे तो हरला. “त्याला टॅप केलं” म्हणजेही तोच हरला, पण आता जिंकणारा बोलतोय. “मी टॅप केलं” ऐकलं की मात्र विचारावं लागतं, कुणाला? का स्वतःच? पोरं ते गडबडीत विचारतात, आणि उत्तर बहुतेक वेळा पुसट येतं.

हीच अडचण टी-शर्टवर आहे, आणि आजोबांचा खरा राग तिथला असणार. माझ्या ओळखीचे एक वयस्कर पैलवान आहेत, कुस्तीच्या रगड्यात दोन्ही कान मोडलेले. नातू छातीवर मोठ्या अक्षरात ‘टॅपआऊट’ लिहिलेला काळा शर्ट घालून जेवायला बसला. त्यांनी अर्थ विचारला, नातवाने सांगितला. म्हातारा घास हातात धरून म्हणाला, “आमी हार गळ्यात घालून घ्याला मैदानात जात होतो. तू छातीवर हार लिवूनच घरातनं निघालास काय रे?”

टॅपआऊट ही कपड्यांची कंपनी आहे, १९९७ साली कॅलिफोर्नियात निघालेली. सुरुवातीला मालक सामन्यांना गाडीच्या डिकीतून शर्ट विकायचे. त्यांतला चार्ल्स लुईस तोंडाला रंग फासून यायचा, म्हणून त्याचं नावच ‘मास्क’ पडलं. २००९ मध्ये तो मोटार अपघातात गेला, आणि स्वतः पिंजऱ्यात कधी न लढलेल्या या माणसाला यूएफसीने आपल्या मानाच्या यादीत घेतलं. शर्टवरच्या नावाचा त्यांना अभिप्रेत अर्थ ‘समोरच्याला टॅप करायला लावू’ असा दमदाटीचा. पण इंग्रजी शब्दात कर्ता लिहिलेलाच नाही, म्हणून म्हाताऱ्याने लावलेला अर्थही चूक म्हणता येत नाही.

त्या काळातल्या चाहत्यांच्या कपड्यांवर तिकडचेच चाहते आता हसतात. कवट्या, पंख, साखळ्या, वाचता न येणारी टोकदार अक्षरं, वर चमकणारे खडे. अफ्लिक्शन नावाची कंपनी तर असे शर्ट विकता विकता २००८ आणि २००९ मध्ये स्वतःच लढती भरवायला लागली. दोन झाल्या, तिसरी रद्द झाली, दुकान पुन्हा शर्टांवर आलं. २०१५ मध्ये यूएफसीने रीबॉकबरोबर करार करून सगळ्या लढवय्यांना एकच गणवेश दिला, आणि प्रत्येकाच्या अंगावरची जाहिरातींची जत्रा उठली. आपल्या खडेबाजारात मात्र पंखवाल्या कवट्या अजून हँगरला लटकलेल्या दिसतात. आपल्याकडे फॅशन उशिरा येते आणि आली की जात नाही.

चाहत्यांच्या तऱ्हांमध्ये माझा आवडता गडी १९९७ चा आहे. यूएफसीच्या पंधराव्या स्पर्धेत तो उघड्या छातीवर ‘जस्ट ब्लीड’, म्हणजे नुसतं रक्त सांडा, असं रंगवून ओरडत होता. कॅमेऱ्याने टिपला आणि कायमचा थट्टेचा विषय झाला. आपल्या कर्नाटकात मैसूरच्या दसऱ्याला वज्रमुष्टीची, म्हणजे मुठीत टोकदार हत्यार धरून, लढत होते. तिथे डोक्यातून पहिलं रक्त दिसलं की लढत थांबते. या बाबाला तिथे बसवलं असतं तर तिकिटाचे पैसे परत मागितले असते.

पुढे यूएफसीचा दागेस्तानी लढवय्या खबीब नुर्मागोमेडोव लोकरीची दागेस्तानी टोपी घालून यायला लागला, आणि प्रेक्षकांतही तशा टोप्या उगवल्या. ही नक्कल मला शर्टांपेक्षा बरी वाटते. आपल्याकडे जिंकलेल्याला फेटा बांधतात, तो दुकानातून विकत आणून स्वतःच बांधून घेतला तर लोक हसतील, एवढाच फरक. मोडलेला कान मात्र कुणाला विकत मिळत नाही. इंग्रजीत त्याला फुलकोबीचा कान म्हणतात. कृपा करून त्याचं भाषांतर करू नका, ‘कान मोडलाय’ पुरे. तालमीच्या गावात पुढचं सगळं त्यातच कळतं.

जाता जाता: “मी यूएफसी शिकतो” म्हणणाऱ्याला जुने चाहते टपल्या मारतात, कारण यूएफसी ही कंपनी, खेळ एमएमए. आपण त्यात पडू नये. ज्या गावात माती कुठल्याही यंत्राने काढली तरी जेसीबी आला म्हणतात, त्या गावाने हसू नये.

आता शड्डू. बॅचमधल्या दोन्ही तटांना सांगा, दोघेही आपापल्या घरचाच शब्द बोलताहेत. आपण शड्डू ठोकतो, कन्नडमध्ये ‘सेड्डु होडे’ म्हणतात. होडे म्हणजे मारणे. तिकडच्या वर्तमानपत्रात पक्षाविरुद्ध बंड केलेला आमदार सेड्डु मारतो, आपल्या वर्तमानपत्रात तोच आमदार शड्डू ठोकतो. मैदानाच्या पोस्टरवर आपण ‘जंगी निकाली कुस्त्या’ लिहितो, कन्नड पोस्टरवर ‘जंगी निकाली कुस्ती’ असतं. वस्ताद, पैलवान, आखाडा दोन्हीकडे. कुस्तीच्या घराला मात्र आपण तालीम म्हणतो, ते गरडी. चिकोडी तालुक्यातल्या एकसंब्यात जन्मलेले श्रीपती खंचनाळे कोल्हापूरच्या तालमीत घडले आणि १९५९ साली पहिले हिंदकेसरी झाले. त्यांच्या मांडीवरचा आवाज मराठी होता की कन्नड, हे ठरवून मग टी-शर्ट छापायचे असतील तर पुढच्या दसऱ्यापर्यंत थांबा.

शड्डू म्हणजे खोलगट केलेला तळहात दंडावर किंवा मांडीवर मारून काढलेला आवाज. दंड थोपटणे त्याचंच भावंड. हे लिहिताना एक लक्षात आलं. शड्डूही तळहाताचा, टॅपही तळहाताचा. स्वतःच्या अंगावर मारला की आव्हान, दुसऱ्याच्या अंगावर मारला की कबुली. तुम्ही मागे शड्डू आणि पुढे टॅप छापताय, म्हणजे एकाच हाताची दोन कामं एका शर्टवर आणताय. फक्त बाजू बदला. शड्डू पुढे घ्या, कारण तो आधी येतो.

आणि मागे नुसतं ‘हात टेकले’ नको, नाहीतर आजोबांचा घास पुन्हा हातातच राहील. ‘हात टेकव’ व्याकरणाने चालेल, पण कोरडं आहे. बेळगावचा शर्ट आहे, तर बेळगावचा ‘की’ वापरा: ‘टेक की हात!’ समोरच्याला आग्रहाने पान वाढल्यासारखं. कर्ता कोण, हरणारा कोण, यात शंका उरत नाही, आणि तिलारीच्या घाटाखाली उतरलात तरी लोक ओळखतील की हे कुठले.

छापणाऱ्याला एक सांगून ठेवा. ‘ड्ड’ हे जोडाक्षर काही फॉण्टमध्ये फुटतं. एका मंडळाच्या शर्टवर पाय मोडका ड आणि शेजारी डू असे सुटे पडले होते, आणि मिरवणुकीत लोक वर्षभर त्यांना ‘शड-डू’ म्हणून चिडवत होते. एक शर्ट छापून आधी घरी आणा आणि आजोबांना मोठ्याने वाचायला द्या.